डाव्या हाताचा आवाज

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, अ‍ॅम्प्लिफायर ही काय बायकांनी लिहिण्याची गोष्ट झाली? मिक्सर कोणता घ्यावा, कुकरची रिंग कशी टिकवावी इथपर्यंत ठीक आहे. पण गाण्याच्या मशीनमधलं आपल्याला काय कळतं? खरं सांगते, सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आमच्याकडे असल्या खरेद्या 'हे' करतात आणि मी फक्त त्यांच्यावरची धूळ पुसते! पण गेल्या फेब्रुवारीत मी वाशिमहून पोहरादेवीला एक दिवस जाऊन आले, आणि दुकानात कोणी मला नीट सांगितलं नव्हतं ते तिथल्या एका तांड्यावर शिकून आले. त्या प्रवासाची आणि त्यातून झालेल्या खरेदीची ही हकिगत.

आधी घरचं सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे एकादशीच्या संध्याकाळी कणकेचा एक गोळा बाजूला काढून ठेवायचा. मला वाटलं, नैवेद्याला असेल. तो निघाला पखवाजाला! पखवाजाच्या डाव्या पुडीवर मधोमध ओली कणीक थापतात, तेव्हा कुठे तो घुमारदार खालचा आवाज निघतो. उजव्या हाताचे बोल खणखणीत, डाव्या हाताचे गंभीर. मामाजी म्हणत, "उजवा हात बोलते, डावा हात हुंकार देते."

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. देवाच्या दयेनं बोलणं वाचलं, चालणंही काठी घेऊन जमायला लागलं. पण डावा हात गेला तो गेलाच. पखवाज खुंटीवर चढला. गावचं घर बंद करून आम्ही दोघांनाही वाशिमला आमच्याकडे घेऊन आलो.

दिवाळीला पुण्याच्या धाकट्या दिरांनी हौसेनं एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणला, पाण्याच्या तांब्याएवढा. मोबाइलवरून भजन लावून तो मामाजींच्या उशाशी ठेवला. मामाजींनी पाचएक मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सूनबाई, याच्यात त उजवाच हात वाजून राह्यला. डावा कुठी गेला याचा?"

घरात सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. ज्या माणसाचा डावा हात गेला आहे, तो मशीनमध्ये डावा हात शोधत होता.

मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासाचे पैसे वर्षातून दोनतीनदा एकदम मिळतात. त्यातले काही मी बाजूला ठेवले होते, खरं तर शोकेससाठी. यांना म्हटलं, "शोकेस राहू द्या. मामाजींना बेस ऐकू येईल असं काहीतरी घेऊ या." आणि आम्ही पाटणी चौकाच्या गर्दीतून दुकानं फिरायला लागलो.

जिथे जावं तिथे एकच मंत्र: "वहिनी, बेस पाहिजे ना? मग वॅट वाढवा." एका दुकानात खोक्यावर ५००० वॅट लिहिलेलं मशीन दाखवलं. निळेतांबडे दिवे, आवाज एवढा की माझी पर्स थरथरली! किंमत ऐकून मीही थरथरले. माझी सगळी शिल्लक आणि वर यांचे थोडे. यांचा विचार होत आला होता. मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येतो." बायकांचं हे वाक्य दुकानदारांना चांगलं ओळखीचं असतं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका मैत्रिणीनं पोहरादेवीला यायचं निमंत्रण दिलं. ती बंजारा समाजातली, तिचं माहेर तिथल्याच जवळच्या तांड्यावर. रविवार होता. पहाटे सगळ्यांचा स्वयंपाक उरकला, मामाजींच्या गोळ्या सासूबाईंच्या हाती दिल्या आणि निघाले.

आमच्या वाशिमबद्दल बाहेरच्या वाचकांना फारसं ठाऊक नसतं. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा तसा नवा. पण गाव फार जुनं. याचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. अजिंठ्याचं एक लेणं ज्याच्या मंत्र्यानं, वराहदेवानं, कोरवून घेतलं तो हरिषेण राजा याच शाखेतला. आज मात्र वाशिम म्हटलं की बाहेरच्यांना सोयाबीन आठवतं आणि आम्हाला बालाजी. भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे मंदिर. पहाटे तिथे हात जोडल्याशिवाय मी प्रवासाला निघत नाही.

एस.टी. स्टँडवर मंगरुळपीरची गाडी लागलीच होती. २०२३ सालापासून एस.टी.त आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासाला निघताना हल्ली मनाला फारसं समजवावं लागत नाही! फेब्रुवारीचे दिवस. तूर निघून गेलेली रानं मोकळी पडलेली, कुठे गहू पिवळा पडत आलेला, कुठे हरभऱ्याचे ढीग. बांधावरचे पळस नुकते पेटायला लागले होते. मंगरुळपीर आलं. गावाच्या नावातला 'पीर' म्हणजे तिथल्या दर्ग्यातले हजरत हयात कलंदर. तिथे गाडी बदलून मानोरा आणि मानोऱ्याहून पोहरादेवी. रस्ता वळणावळणाचा होत जातो, टेकड्या जवळ येतात आणि गाडीतल्या बोलण्यात गोरमाटी बोली मिसळायला लागते.

पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर इथे आहे. सेवालाल महाराजांचा जन्म १७३९चा मानतात आणि १५ फेब्रुवारीला जयंती होते. रामनवमीच्या यात्रेला तर देशभरातून माणसं येतात. मी गेले तेव्हा जयंती होऊन गेलेली होती. पताका वाऱ्यावर फडफडत होत्या, गर्दी ओसरली होती, त्यामुळे दर्शन निवांत झालं.

आणि समोर तो नंगारा! खरा नव्हे, इमारत. बंजारा समाजाच्या इतिहासाचं संग्रहालय इथे उभं राहिलं आहे, त्याचा आकारच नंगाऱ्याचा आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या दिवशी समाधीपाशी त्यांनी स्वतः नंगारा वाजवला होता, ते दृश्य तुमच्यापैकी अनेकींनी टीव्हीवर पाहिलं असेल. एका वाद्याचीच इमारत बांधावी, एवढा मान त्या वाद्याला या समाजात आहे. पूर्वी मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून गावोगाव नेणाऱ्या या लोकांचं अर्धं आयुष्य वाटेवर जायचं. पूजा असो, लग्न असो, होळी असो, नंगारा वाजल्याशिवाय तांडा जमायचा नाही.

दुपारी मैत्रिणीच्या माहेरी गेलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, लसणाची चटणी. जेवण झाल्यावर तिच्या काकांनी माझ्या आग्रहाखातर नंगारा बाहेर काढला. धातूचा मोठा खोलगट कढईसारखा घाट, त्यावर ताणून बसवलेलं कातडं. थोडा वेळ उन्हात ठेवला. मग काकांनी दोन काठ्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि शेजारच्या एकानं काशाची थाळी धरली.

मैत्रिणींनो, तो आवाज मी कानानं ऐकला असं म्हणणं खोटं ठरेल. बाजेवर बसले होते, तर तो बाजेतून आला, छातीत आला. मला एकदम मामाजींचा डावा हात आठवला. घाईघाईनं मोबाइल काढून दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून घेतलं.

नंगारा थांबला तशी तिथलीच एक पाचसहा वर्षांची पोर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि जीव खाऊन बडवायला लागली. अगदी दोन्ही हातांनी! आवाज कसला, नुसता खणखणाट. काका हसले. त्यांनी नंगाऱ्यावर नुसती बोटांची टोकं टेकवल्यासारखी केली. धुम्म! हलकाच, पण खोल. म्हणाले, "बाई, जोर करून काय होते? आवाज हातात नसते, पोटात असते."

परतीच्या गाडीत मी ते रेकॉर्डिंग मोबाइलवर लावलं. आणि काय सांगू? थाळीचा किणकिणाट तेवढा ऐकू आला. नंगारा गायब! मिनिटभर मला वाटलं, रेकॉर्डिंगच फसलं. मग मामाजींचं वाक्य आठवलं आणि डोक्यात उजेड पडला. आवाज आत होता. त्या एवढ्याशा तोंडाला तो बोलता येत नव्हता.

मंगरुळपीर येईपर्यंत माझा सगळा हिशेब झाला होता. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे हातातला जोर. स्पीकर म्हणजे कातडं आणि त्याचं खोकं म्हणजे पोट. आम्ही दुकानादुकानातून नुसता जोर विकत घ्यायला निघालो होतो!

घरी आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. त्यांनी फळ्यावर जे समजावलं ते मी माझ्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते.

खर्जाचा आवाज म्हणजे हवेचं सावकाश हेलकावणं. माणसाचा कान सेकंदाला साधारण २०पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. बेस म्हणजे त्यातला अगदी खालचा भाग. सावकाश हेलकावायचं तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्यासाठी स्पीकरचा पडदा एकतर मोठा हवा, नाहीतर त्यानं खूप आतबाहेर व्हायला हवं. कंपनं निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. छोट्या पडद्याला ते झेपत नाही. आता ४ इंचांची पुरी आणि ८ इंचांची पोळी डोळ्यांपुढे आणा. रुंदी दुप्पट, पण कणीक चौपट लागते. ४ आणि ८ इंचांच्या स्पीकरचं तेच: पडदा चौपट, म्हणून ढकललेली हवाही चौपट. आणि पखवाजाला कणीक का? तर वजन वाढलं की पुडी सावकाश हलते, आवाज खाली उतरतो. इतकी वर्षं मी कणीक देत होते, कारण आत्ता कळलं!

आता वॅटचं. १० वॅटच्या जागी २० वॅट घेतले की आवाज दुप्पट होईल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल एवढाच. कानाला दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. म्हणजे ५० आणि ६० वॅटमधल्या फरकासाठी जास्तीचे पैसे देणं म्हणजे वरणात जिऱ्याचे चार दाणे जास्त टाकण्यासारखं.

मग ते ५००० वॅट? खोक्यावर पी.एम.पी.ओ. असं लिहून मोठ्ठा आकडा छापलेला असतो. क्षणभराच्या कसल्याशा धक्क्याचा तो आकडा, त्याला एकच एक मोजमाप नाही. विचारायचा तो आर.एम.एस. वॅटचा आकडा, कारण तो सतत मिळणाऱ्या शक्तीचा असतो. तोही खरा की खोटा हे पाहायची सोपी खूण आहे. मशीनच्या पाठीवर किंवा अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेलं वाचा. १२ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर गुणाकार २४. म्हणजे आत २४ वॅट जातात. सतत बाहेर येणार ते त्याहून कमीच. डब्यात दोन वाट्या पीठ असताना पन्नास पोळ्या होतील असं कोणी सांगितलं तर आपण विश्वास ठेवू का? मग इथेच का ठेवतो?

अ‍ॅम्प्लिफायर अगदीच कमी शक्तीचा असूनही चालत नाही बरं का. बेसचं बटण आपण पूर्ण फिरवतो तेव्हा खालचे स्वर १० डेसिबलनी चढले, तर तेवढ्यापुरती शक्ती दहापट मागितली जाते. मशीनजवळ ती नसेल तर आवाज फाटतो, फडफडतो आणि स्पीकरही जळू शकतो. म्हणून १० बाय १२च्या खोलीसाठी दर बाजूला खरेखुरे ३० वॅट असले की पुष्कळ, आणि बेसचं बटण अर्ध्याच्या थोडंच पुढे.

हे सगळं ऐकून घरी आले आणि यांना विचारलं, "माळ्यावरचे तुमचे कॉलेजचे डबे आहेत ना अजून?" यांनी विद्यार्थिदशेत कॅसेट डेकसाठी प्लायवूडची दोन खोकी करून घेतली होती, प्रत्येकात ८ इंची वूफर. दर दिवाळीला मी ती भंगारात द्यायची म्हणते आणि दर दिवाळीला हे फुगून बसतात. ती खाली काढली. पडद्याच्या कडेचा फोम कुजून भुगा झाला होता. इथल्याच एका कारागिरानं नवी कड चढवून दिली, तीही काहीशे रुपयांत. त्यांनीच स्पीकरच्या पाठीवरचा ८ ओहम हा आकडा दाखवून सांगितलं की अ‍ॅम्प्लिफायरला ४ ते ८ ओहम चालतं असं लिहिलेलं पाहून घ्या. ओहम कमी तर मशीनवर ओझं जास्त. हौसेनं एकाच जागी दोन-दोन स्पीकर जोडले की ओझं आणखी वाढतं, मशीन तापतं.

मग दुसऱ्या एका दुकानात जाऊन, पोहरादेवीचं रेकॉर्डिंग मोबाइलवर घेऊन, मी तीन अ‍ॅम्प्लिफायर ऐकले. दुकानातल्या सिनेमाच्या गाण्यावर बेस कुठलाही मशीन दाखवतो! त्यातला साधा, दोन बाजूंना तीसतीस वॅटचा, दिवे नसलेला निवडला. साडेतीन हजारांत काम झालं. पहिल्या दुकानाच्या हिशेबात पाव रक्कमही नाही.

घरी आणून जोडला आणि, अगबाई, बेस नाहीच! आवाज मोठा, पण पोकळ. यांचा चेहरा उतरला. मीही मनातल्या मनात शोकेसला निरोप दिला. मग कारागीरभाऊंचं बोलणं आठवलं. प्रत्येक स्पीकरला लाल आणि काळी अशा दोन तारा असतात. एका डब्याच्या तारा उलट लागल्या की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एकानं ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो आणि बेस हवेतच विरतो. मशीन बंद करून एकाच डब्याच्या तारांची अदलाबदल केली. पुन्हा लावलं. नंगारा! बाजेवर बसून ऐकलेला तोच धुम्म. मांडणीवरची ताटं खणखणली, सासूबाई आतून ओरडल्या, "भूकंप झाला का काय?"

अजून एक गंमत राहिली. खुर्चीत बसलं की बेस छान, पण मामाजींच्या पलंगावर गेलं की निम्मा. सर म्हणाले होते, सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची एक लाट बावीस फुटांहून लांब असते. ती बारा फुटांच्या खोलीत भिंतीवर आपटून परत येते, आणि अशा काही स्वरांना भिंतीलगत जोर मिळतो नि खोलीच्या मध्यावर ते पडतात. पलंग बरोबर पंख्याखाली, मधोमध! यावर युक्ती अशी: डबा पलंगावर, माणूस बसतो तिथे ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर, वाकून, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन ऐकत फिरायचं. जिथे खर्ज भरदार वाटेल तिथे डबा ठेवायचा. मी पदर खोचून सगळी खोली रांगून काढली, मुलगी हसून लोळली. शेवटी डबे दोन कोपऱ्यांत गेले आणि पलंग दोन फूट भिंतीकडे सरकला. खर्च शून्य. डब्याखाली जुन्या रबरी चटईचे तुकडे घातले, त्यानं ताटांचा खणखणाटही कमी झाला.

तुमच्या घरी अशी खरेदी निघाली तर एवढं ध्यानात ठेवा. आधी घरात काय पडलं आहे ते बघा, तारा सरळ आहेत का बघा, डब्यांची जागा बदलून बघा. मग स्पीकर, आणि सगळ्यांत शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. दुकानात आपलं ओळखीचं गाणं घेऊन जा. 'लाउडनेस' नावाचं बटण असेल तर ते हळू आवाजात ऐकण्यासाठी असतं, कारण आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे स्वर आधी कमी ऐकू येतात. मोठ्या आवाजाला ते बंद ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला टीव्हीवरचं बोलणं कळत नाही अशी तक्रार असेल, तर मात्र बेस वाढवू नका. वयानुसार कान वरचे स्वर आधी सोडतो; बेस वाढवला तर शब्द आणखीच बुडतात. त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि शेजाऱ्यांचा विचार असू द्या. बेस भिंतीतून पलीकडे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. आमच्याकडे रात्री नऊला मशीन बंद.

तर त्या संध्याकाळी सगळं लागल्यावर मामाजींना हाताला धरून पलंगावर बसवलं आणि तेच दिवाळीचं भजन लावलं. मी काही बोलले नाही. त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. पहिलं चरण संपलं, ठेका चढला, आणि ते म्हणाले, "आला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "डावा आला." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

भजन संपलं. मला वाटलं, आता काही तरी छान म्हणतील. तर म्हणतात कसे, "वाजवणाऱ्यानं कणीक जास्त लावली हाये. आवाज चिकट येऊन राह्यला."

चाळीस वर्षांचे पखवाजिये ते! पुढचे चार दिवस येणारा प्रत्येक वादक त्यांच्या परीक्षेतून जात होता. पाचव्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. दारात काठीचा आवाज झाला. मामाजी उभे होते आणि त्यांच्यामागे माझी दहा वर्षांची लेक, दोन्ही हातांत खुंटीवरचा पखवाज सावरत.

"सूनबाई," ते म्हणाले, "गोळाभर कणीक दे. इचा डावा हात पाहून घेतो."

मी परातीतला चांगला मोठा गोळा काढून दिला. त्या दिवशी डब्यात एक पोळी कमी गेली, कोणी तक्रार केली नाही.